जन्मापासून सुरुवात करू नका: घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून काढण्याची पद्धत

दिवाळीला नातवंडं एक जाड वही आणि चांगलं पेन आणून देतात. "आजोबा, आता सगळं लिहून काढा." आजोबा पहिल्या पानावर 'श्री' काढतात, खाली 'माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला' असं लिहितात, दहा-बारा पानांत मॅट्रिकपर्यंत पोचतात आणि वही कपाटात जाते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी गेली काही वर्षं या कामात मदत करतो. अशा अर्ध्यावर थांबलेल्या वह्या इतक्या पाहिल्या आहेत, की पहिलं वाक्य आता न उघडताही सांगता येतं.

आजोबांना लिहिता येत नाही असं नाही, कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. लिहिणं हे या कामातलं शेवटचं तिसरं अंग आहे. त्याआधी गोळा करायचं असतं आणि बोलून घ्यायचं असतं. खाली दिलेला क्रम शंभरेक पानांच्या घरगुती पुस्तकासाठी आहे. आठवड्याला एक बैठक धरली तर बोलून घ्यायलाच तीन महिने लागतात, पुढच्या कामाला आणखी तेवढेच धरा. वाढदिवसाला पुस्तक हातात द्यायचं असेल तर आदल्या महिन्यात सुरुवात करून उपयोग नाही.

## टप्पा १: कुणासाठी, कुणाच्या आवाजात, आणि काय नको

पहिल्या दिवशी रेकॉर्डर काढू नका. चहा घेत तीन गोष्टी ठरवा.

पुस्तक घरातच राहणार की बाहेरही वाटणार? घरात राहणार असेल तर 'धाकट्या काकांनी पैसे बुडवले' हे कदाचित चालेल. गावात पन्नास प्रती वाटायच्या असतील तर चालणार नाही.

लेखणी कुणाची? सांगणारी व्यक्ती स्वतः लिहू शकते, सांगून लिहवू शकते, किंवा थोडं हे थोडं ते. ऐंशीच्या पुढच्या माणसाचा हात थरथरत असेल तर लिहायचा आग्रह धरू नका. बोलणं टिकतं, अक्षर आधी जातं.

काय नको, हे मात्र सांगणाऱ्यानं ठरवायचं. एका साध्या कागदावर दोन-तीन ओळी लिहून घ्या: रेकॉर्डिंग कोण कोण ऐकेल, छापण्याआधी पूर्ण मजकूर मला वाचून दाखवायचा, मी म्हणेन तो भाग काढायचा. खाली सही नाहीतर अंगठा. आपल्याच आईकडून सही कसली घ्यायची, असं वाटेल. पण पुढे तीन भावंडांत 'आईला हे छापायचंच नव्हतं' असा वाद निघतो, तेव्हा तो कागद कामाला येतो.

सावधान: जमिनीचा किंवा घराचा दावा कोर्टात चालू असेल तर वाटणीचा भाग वकिलाला विचारल्याशिवाय छापू नका.

## टप्पा २: खोका आणि काळाची दोरी

एक मोठा खोका घ्या आणि घरातले कागद त्यात गोळा करा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, जुनं रेशन कार्ड, सातबारा आणि फेरफाराचे उतारे, सर्व्हिस बुकची प्रत, पोस्टाचं पासबुक, आंतर्देशीय पत्रं, डायऱ्या, हिशेबाच्या वह्या. हिशेबाच्या वह्यांकडे कुणी बघत नाही आणि माझ्या मते त्याच सगळ्यात बोलक्या. 'दूध, रॉकेल, बाळाचं औषध' या तीन शब्दांवर आमच्या एका बैठकीत दीड तास गेला होता.

जुने कागद वेगळ्या लिपीत निघाले तर घाबरू नका आणि अंदाजानं वाचूही नका. देशावरच्या घरांत मोडी, मराठवाड्यात निजामाच्या अमलातली उर्दू, गोव्यात पोर्तुगीज कागद सापडतात. ते जाणकाराकडून वाचून घ्या. मोडी वाचणारे बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी मिळतात.

आता तारखा. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी धरून पुढचा सगळा हिशेब मांडणं, ही हमखास होणारी चूक. त्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाला बसेल अशी तारीख लिहून टाकली.

माझ्या आत्याचंच घ्या. दाखल्यावर १ जून १९४७. ती मात्र ठामपणे म्हणायची, "मी पोळ्याची. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पंधरा दिवसांचीसुद्धा नव्हते, आई मला पदराखाली घेऊन शेतातल्या कडब्याच्या गंजीमागं बसली होती." घरात सगळे हसायचे. मग पत्रिका सापडली. त्यावर शके १८७०. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे १९४८. त्या वर्षीचा पोळा सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो आणि हैदराबादवरची कारवाई १३ सप्टेंबरला सुरू होऊन १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आत्याचा हिशेब बरोबर निघाला, दाखला चुकला होता.

तेव्हा साल विचारू नका, खुणेची घटना विचारा. एक लांब कागद भिंतीवर लावा आणि त्यावर या खुणा मांडून घ्या. प्रदेशाप्रमाणे निवडा:

- मुंबई गोदीतला स्फोट, १४ एप्रिल १९४४
- गांधीहत्या, ३० जानेवारी १९४८, आणि त्यानंतरची जाळपोळ
- नागपूरची धम्मदीक्षा, १४ ऑक्टोबर १९५६
- नवे पैसे, १ एप्रिल १९५७
- महाराष्ट्र राज्य, १ मे १९६०
- पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१
- गोवामुक्ती, १९ डिसेंबर १९६१
- कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट
- बाहत्तरचा दुष्काळ, सुकडी, लाल मिलो
- मुंबईत दूरदर्शन, २ ऑक्टोबर १९७२
- गिरणी संप, १८ जानेवारी १९८२
- किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट

"मोठ्या भावाचं लग्न कधी झालं?" याला उत्तर येत नाही. "दुष्काळाच्या आधी की नंतर?" विचारलं की लगेच येतं: "दुष्काळातच! जेवणावळ घातली नाही म्हणून व्याही रुसले होते." साल मिळालं आणि वर व्याह्यांची गोष्टही.

तपासा: कुणी 'चार आणे' म्हणालं म्हणून घटना १९५७ च्या आधीची ठरत नाही. पंचवीस पैशांना लोक पुढे कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत होते.

फोटोंबद्दल थोडक्यात. जुन्या चिकट अल्बममधले फोटो ओढून काढू नका, आहे त्या पानासकट टिपा. काचेला चिकटलेला फोटो खरवडू नका. छोटे फोटो स्कॅनरची बारकाव्याची सेटिंग ६०० डीपीआयवर ठेवून स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल अगदी सरळ वर धरून काढा. मागची बाजूही टिपा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. नावं मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नाही. आणि कागदपत्रं लॅमिनेट करू नका, एकदा केलं की ते परत सोडवता येत नाही.

## टप्पा ३: राहत्या घराचा नकाशा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर बाकीचे दोन गाळा, हा नको.

मोठा कागद, जाड स्केचपेन. "लहानपणीच्या घराचा नकाशा काढा." चित्रकला येत नाही म्हणतील. म्हणा, चौकोनच काढायचेत. मग दार कुठल्या तोंडाला होतं, ओटी, पडवी, माजघर, चूल कुठल्या भिंतीला, पाणी कुठून यायचं, न्हाणी कुठं, दिवा कुठं अडकवलेला, कोण कुठं झोपायचं. चाळीत वाढलेल्यांना गॅलरी, सामायिक नळ, जिना, संडासाची रांग, आणि कुणाच्या दारात कसली कुंडी. वाड्यात भाड्यानं राहिलेल्यांना मालकांचा भाग कुठं संपायचा आणि आपला कुठं सुरू व्हायचा.

हात कागदावर फिरायला लागला की जीभ सुटते. एक निवृत्त पोस्टमन होते. तासभर "आमचं काय विशेष नाही हो" एवढंच चाललं होतं. नकाशा काढताना माजघराच्या कोपऱ्यात त्यांनी एक छोटा चौकोन काढला आणि थांबले. विचारलं तर म्हणाले, "इथं आजीची खाट. तिला दिसत नव्हतं. मी शाळेतून आलो की माझ्या चपलांच्या आवाजावरून सांगायची, आज मार खाल्लास ना." पुढची चाळीस मिनिटं मी एकही प्रश्न विचारला नाही.

नकाशावर प्रत्येक जागेला आकडा द्या आणि तिथं घडलेली एकेक गोष्ट शेजारी दोन-तीन शब्दांत टिपा: 'खाट, चपलांचा आवाज', 'न्हाणी, विंचू', 'ओटी, सावकार'. शेवटी वीस-पंचवीस टिपणं होतात. पुस्तकाची कच्ची अनुक्रमणिका म्हणजे हीच.

तपासा: घर एकच नसतं. सासर, बदलीचं गाव, होस्टेल, गिरणीची खोली, आखाती देशातली क्वार्टर, प्रत्येकाचा वेगळा नकाशा हवा. बाईच्या बाबतीत माहेर आणि सासर दोन्ही काढलेच पाहिजेत. तिथंच विचारून घ्या: लग्नाआधीचं नाव काय होतं? अनेक घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं जायचं आणि जुनं नाव पुढे कुणाला माहीतही राहायचं नाही. वंशावळीत दोन्ही लिहा.

## टप्पा ४: प्रश्न कसे विचारायचे

'तुमचं बालपण कसं गेलं?' या प्रश्नाला 'गरिबीत, पण आनंदात' हे एकच उत्तर येतं. प्रश्न जेवढा लहान, उत्तर तेवढं लांब.

'शिक्षण कसं झालं?' ऐवजी 'शाळेत बसायला काय न्यायचात?' विचारा. पोतं, गोणपाट, आईच्या जुन्या लुगड्याची घडी, प्रत्येक उत्तरात एक घर दिसतं. 'नोकरी कशी होती?' ऐवजी 'पहिल्या पगारातून काय आणलंत आणि कुणाच्या हातात दिलंत?' 'सासू कशी होती?' ऐवजी 'पहिल्या दिवशी त्यांनी कुठलं काम सांगितलं?' आणि 'जातीमुळे त्रास झाला का?' असं थेट विचारलं तर बरेच जण "नाही, तसं काही नव्हतं" म्हणून मोकळे होतात. 'पाणी कोण वाढायचं आणि कुठून?' विचारलं की जे खरं आहे ते येतं.

एका बैठकीला पाच-सहा प्रश्न पुरेत. यादी मांडीवर ठेवून एकेक वाचत जाऊ नका, पोलीस जबाब घेतल्यासारखं होतं. उत्तर संपल्यावर मनात दहा अंक मोजा. लोक थांबतात ते श्वास घ्यायला, आणि आपण घाईनं पुढचा प्रश्न टाकतो. चांगली गोष्ट बहुतेक त्या थांबण्याच्या पलीकडे असते.

खोलीत कोण आहे, हेही बघा. सून चहा घेऊन आत-बाहेर करत असेल तर आजी स्वतःच्या सासूबद्दल तोंड उघडत नाही. नवरा शेजारी बसला की दर दोन मिनिटांनी "तसं नव्हतं ते" येतं. त्यांना त्या वेळेला भाजी आणायला पाठवा, त्यांची बैठक वेगळी घ्या.

सावधान: डोळ्यांत पाणी आलं तर "जाऊ द्या, रडू नका" म्हणून विषय बदलू नका. गप्प बसा, पाणी द्या. "पुढे सांगायचंय का?" एवढंच विचारा. नको म्हणाले तर तो विषय आपण होऊन पुन्हा काढायचा नाही.

ज्यांना विसर पडायला लागला आहे, त्यांच्याशी पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसू नका. प्रश्नांपेक्षा वस्तू हातात द्या: अडकित्ता, जात्याचा खुंटा, जुनी साडी. पाठ असलेल्या ओव्या, अभंग, पाढे म्हणायला सांगा. नातवाचं नाव न आठवणाऱ्या एका आजींनी जात्यावरच्या ओव्या एकामागून एक म्हटल्या, आणि प्रत्येक ओवीत भावांची नावं होती.

## टप्पा ५: रेकॉर्डिंग

महागडा माइक लागत नाही. फोनमधला रेकॉर्डर पुरतो, पण आधी एवढं करा.

१. फोन विमान मोडवर टाका. मी एकदा विसरलो. पावणेदोन तासांच्या बैठकीत बाराव्या मिनिटाला कुणाचा तरी फोन आला, रेकॉर्डिंग थांबलं ते थांबलंच आणि मला कळलं घरी आल्यावर. त्या काकांनी गोवामुक्तीच्या वेळची सीमेवरची गोष्ट पुन्हा सांगितली खरी, पण पहिल्यासारखी नाही. दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट नेहमी छोटी आणि शहाणी होते.

२. पंखा बंद, निदान एकावर. कुकर बैठकीच्या आधी लावून घ्या.

३. फोन घडी घातलेल्या पंच्यावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. थेट लाकडी टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज ढोलासारखा येतो.

४. त्यांना ज्या कानानं नीट ऐकू येतं त्या बाजूला तुम्ही बसा.

५. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून परत ऐका.

६. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा, कोण बोलतंय आणि कितवी बैठक ते म्हणा.

वेळ सकाळची, नाश्ता-औषधं आटोपल्यावरची. दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटतात. चाळीस ते पन्नास मिनिटं झाली की थांबा, रंगात आले असले तरी. "पुढच्या आठवड्यात इथूनच" म्हणून अर्धवट सोडलेली गोष्ट त्यांच्या मनात चालू राहते आणि पुढच्या वेळी जास्त नीट येते.

तपासा: त्याच दिवशी फाइलला नाव द्या: '०३-आत्या-माहेरची विहीर'. नुसत्या आकड्यांच्या चाळीस फायली महिन्यानंतर ओळखता येत नाहीत. आणि त्याच रात्री दोन प्रती करा, एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर. फोन पडतो, हरवतो, रिक्षात राहतो.

## टप्पा ६: ऐकून उतरवणं

एका तासाचं बोलणं हातानं उतरवायला पाच-सहा तास जातात, हे आधीच धरून चला. गूगलचं मराठी बोलून-टंकन मदत करतं, पण ते प्रमाण भाषेच्या शब्दांकडे ओढतं. 'न्हाणी'चं 'राणी' होतं, 'व्हतं'चं 'होतं'. म्हणून ते वापरलं तरी एकदा कानाला लावून ओळ न ओळ ताडून पाहा. सगळंच उतरवायचं नसेल तर निदान कितव्या मिनिटाला कुठली गोष्ट आहे, याची यादी करा.

टंकन युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाले अजूनही श्रीलिपी किंवा कृतीदेवसारखे जुने फॉन्ट मागतात. त्यात टाइप केलेलं पुढे फोनवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, शोधताही येत नाही.

आणि बोली सुधारू नका. या टप्प्यावर सुशिक्षित मुलंमुली सगळ्यात जास्त नुकसान करतात. आई म्हणाली असते, "म्या म्हनलं, येऊ दे त्येला, बगते." मुलगी लिहिते, "मी म्हणाले, त्याला येऊ द्या, मी पाहते." शब्दांचा अर्थ तोच राहिला, पण आई गेली. वऱ्हाडी असो, मालवणी असो, अहिराणी असो, उतरवताना जसं ऐकलं तसं. नंतर निवेदन थोडं सोपं करायचं ठरलं तर करा, संवादांना मात्र हात लावू नका. सांगणाऱ्यालाच 'शुद्ध' हवं असेल तर तो त्यांचा हक्क. पण त्यांना आधी दोन्ही वाचून दाखवा, मग विचारा. आतापर्यंत दोघांनीच शुद्ध निवडलं, आणि ते दोघे शिक्षक होते.

## टप्पा ७: आता लिहा

नकाशावरच्या एका टिपणाचा एक तुकडा. सहाशे ते हजार शब्द. पहिला तुकडा जन्माचा नको, जो सांगताना आवाज बदलला तो घ्या.

कच्च्या मजकुरात एक गोष्ट हटकून येते. एका काकांनी लिहून आणलेला हा परिच्छेद:

'आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. आईने काबाडकष्ट करून आम्हा भावंडांना लहानाचे मोठे केले. तिचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत.'

यात खोटं काही नाही, पण ही आई कुणाचीही असू शकते. मी विचारलं, काबाडकष्ट म्हणजे कुठले? तेव्हा कळलं, आई बिड्या वळायची. कुठं बसून? पानं कशी भिजवायची? मुलं काय करायची? तासाभरानं हे तयार झालं:

'आई रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि दुपारपर्यंत मान वर नाही. आम्ही शाळेतून आलो की बिड्यांची तोंडं मुडपायला बसायचो. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला मी तिच्याबरोबर जायचो. तपासणारा मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नसायचे आणि बिड्याही परत मिळायच्या नाहीत. ज्या दिवशी जास्त निघायच्या, त्या दिवशी आई घर येईपर्यंत एक शब्द बोलायची नाही.'

'उपकार' हा शब्द मग काकांनीच खोडला.

हीच तपासणी प्रत्येक तुकड्याला लावा. 'हलाखी', 'काबाडकष्ट', 'संस्कार', 'परमपूज्य', 'ते दिवसच वेगळे होते' या शब्दांखाली रेघ मारा आणि शेजारी विचारा: म्हणजे नेमकं काय? उत्तर मिळालं की रेघ मारलेला शब्द काढा.

जुना शब्द आला तर कंसात अर्थ देऊ नका, वाक्यातच कळू द्या. 'पायलीभर जोंधळे, म्हणजे आमच्या सहा माणसांचे दोन दिवस' असं लिहिलं की नातवाला पायली कळते.

सावधान: तुम्हाला माहीत असलेलं पण त्यांनी न सांगितलेलं त्यांच्या तोंडी घालू नका. पुस्तकात वाचलेला दुष्काळ त्यांच्या आठवणीत मिसळू नका. त्यांची आठवण आणि कागद जुळत नसतील तर त्यांचं तसंच ठेवा आणि तळटीपेत कागद काय म्हणतो ते लिहा.

## टप्पा ८: क्रम लावणं आणि वाचून दाखवणं

पंचवीस-तीस तुकडे झाले की प्रत्येकाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पलंगावर पसरा. क्रम सांगणाऱ्यालाच लावू द्या. सालवारी लावलीच पाहिजे असं नाही. घरांप्रमाणे लावता येतं, माणसांप्रमाणे लावता येतं. वर्षांचा गोंधळ होईल असं वाटलं तर शेवटी एका पानावर घटनांची सालवार यादी द्या, पुस्तकभर तारखा पेरू नका.

मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवा. डोळ्यांनी वाचताना सुटणारं कानाला खटकतं. ते "हे काढ" म्हणाले तर वाद न घालता काढा. पहिल्या दिवशीचा कागद आठवा. ज्यांच्याबद्दल नाजूक मजकूर आहे आणि जे हयात आहेत, त्यांना तो भाग आधी दाखवा किंवा नाव बदला. नुसती आडनावाची आद्याक्षरं देऊन भागत नाही, गावात सगळ्यांना कळतं.

## टप्पा ९: छपाई

घरगुती पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे विक्रीच्या पुस्तकांवरचा ओळख क्रमांक, लागत नाही. डेमी आकार, अक्षर १४ पॉइंट, कारण पहिले वाचक साठीच्या पुढचे असतात. डेमीच्या पानावर या अक्षरात सुमारे अडीचशे शब्द बसतात. ऑफसेट छपाई सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत होते, म्हणून पानं ९६ किंवा ११२ अशी बसवा. ९८ झाली तर दोन पानांसाठी आख्खा फर्मा जातो. पंचवीस-पन्नास प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते.

छापखान्याला वर्डची फाइल देऊ नका, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या. तिथं कुणी फॉन्ट बदलला तर रफार आणि जोडाक्षरं आधी मोडतात. कागदावरचं प्रूफ मागा आणि त्यात मुद्दाम हे शब्द शोधा: दऱ्याखोऱ्या, सूर्य, सुऱ्या, ज्ञान, ट्रंक, ॲक्शन. हे बरोबर उमटले असतील तर बाकीचं बहुधा ठीक असतं. फोटोंखालची नावं डावीकडून उजवीकडे आहेत ना, हे घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

मूळ रेकॉर्डिंगची यादी, कुठली फाइल कुणाकडे आहे त्यासह, शेवटच्या मजकुराच्या पानावर छापा. आणि त्यानंतर चार पानं कोरी सोडा. पुस्तक वाटल्यावर आठवडाभर फोन येतात: तो जावई नव्हता, मेहुणा होता. विहीर पाटलांची नव्हे, देवळाची. म्हशीचं नाव चुकलं. एक प्रत आणि एक पेन्सिल फोनजवळ ठेवून द्या.